आवक नंबर पडलेला पूर

मला वाचवलं ते आवक-जावकच्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगायला लागले की मी माझ्या भीतीतच गुंतत जाते आणि त्या कुठंतरी कोपऱ्यात राहून जातात. घरी मुलांना ही गोष्ट सांगताना दोनदा तसं झालेलं आहे. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आमच्या कचेरीत शिरलं की डाव्या हाताला त्यांचं टेबल होतं. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, रजिस्टरात चढवून आवक नंबर टाकायचा आणि साहेबांच्या डाकेत ठेवायचा, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं शिक्का आपटून त्यांच्या उजव्या तळव्याला घट्टा पडला होता. त्या आर्वीकडच्या रोहणे गावच्या, शेतकरी घरातल्या. बोलणं खास वऱ्हाडी, आणि आवाज असा की मी पहिले सहा महिने त्यांच्या टेबलासमोरून जाताना पदर सावरायची.

मी कोकणातली, रत्नागिरीकडची. आमचं गाव खाडीच्या अलीकडे आणि सातवीनंतरची शाळा पलीकडे. होडीनं जावं लागे. आठवीच्या पहिल्याच पावसाळ्यात होडी एकदा कलली. कुणी बुडालं नाही, दप्तरं भिजली एवढंच. बाकीच्या मुली दुसऱ्या दिवशी हसत होडीत चढल्या. मी धक्क्यावर उभी राहिले, पाय उचलेना. आईनं समजावलं, वडिलांनी दोन दिले, मास्तर स्वतः घ्यायला आले. पाय काही उचलला नाही. माझी शाळा सुटली ती अशी, पाण्याला भिऊन. पुढं लग्न होऊन वर्ध्याला आले. हे ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. गावालगत नालवाडीत एक खोली घेतली होती. इतक्या लांब, ओळखीचं माणूस नाही, जेवणात मासा नाही. पण आसपास खाडी नाही, हे मला मनातून फार बरं वाटलं होतं. असलं कुणाला सांगता येत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यातल्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या खोलीसाठी रोजंदारीवर बाईमाणूस पाहिजे होतं. शेजारणीच्या ओळखीनं मी लागले. काम असं: खोली झाडायची नाही, पुसायची, कारण झाडलं की धूळ उडते. येणाऱ्याला दाराबाहेर चपला काढायला लावायच्या. दार सारखं लोटून ठेवायचं, गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि प्रिंटरमधून कागद आला की फाडून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मी दिवसभर दाराशी स्टुलावर बसायची. मोठमोठे अधिकारी यायचे आणि मी, सातवी पास, त्यांना म्हणायची, साहेब, चपला. म्हणताना मी त्यांच्या पायांकडेच बघायची.

मशीन सांभाळायला नागपूरचे एक तरुण सर होते. कचेरीच्या गच्चीवर उपग्रहाची मोठी तबकडी बसवलेली होती. तिच्यातून आमचं मशीन दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मोठ्या मशीनला जोडलेलं असे, आणि तिथून राज्यभरातल्या दुसऱ्या कचेऱ्यांना. निरोप यायचे-जायचे. मराठी मजकूर, पण अक्षरं इंग्रजी. सर मला अक्षरं शिकवायचे, दुपारी डबा खाताना, गंमत म्हणून. मी पुसता पुसता कीबोर्डवरच्या कळा पाठ केल्या.

एका दुपारी त्यांनी मला गड दाखवला.

त्या मोठ्या शहरातल्या कुणीतरी मोकळ्या वेळात तो रचून मोठ्या मशीनवर ठेवला होता. लाईन नीट चालते का ते बघायला त्याचा उपयोग होतो, म्हणून वरचे लोक चालवून घेत. चित्र एकही नाही, सगळं शब्दांत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची: तुम्ही महादरवाज्यात उभे आहात, समोर बाजार आहे, डावीकडे तट आहे. आपण टाईप करायचं, डावीकडे. की तट यायचा. वर एक तळं होतं, तळ्यात यक्ष होता, भुयारं होती, बोलणारा घोडा होता. आणि त्याच वेळी दुसऱ्या गावच्या कचेऱ्यांतून दुसरी माणसंही त्याच गडावर फिरत असायची. कुणी सरदार, कुणी जादूगार. त्यांनी लिहिलेलं आपल्याला दिसायचं, आपण लिहिलेलं त्यांना.

सर म्हणाले, दुपारच्या सुट्टीत बसत जा, हात बसेल, पुढंमागं काम लागेल. दोन अटी घातल्या. गडावर असताना प्रिंटर बंद ठेवायचा, नाहीतर गडावरचं बोलणंही छापलं जाईल. आणि दोनच्या ठोक्याला बाहेर पडून प्रिंटर चालू करायचा, कारण लाईनवरून येणारा प्रत्येक निरोप कागदावर उतरलाच पाहिजे असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता.

पहिल्या दिवशी एकटी बसले आणि बाजारात गेले. एक शब्द लिहायला मला मिनिट लागायचं. पाचसहा जण तिथं होते, नावं सगळ्यांची सेनापती आणि महाराज. त्यातल्या एकानं विचारलं, बाई की बुवा? मी खरं ते लिहिलं. पुढं पडद्यावर जे यायला लागलं ते मी इथं लिहिणार नाही. एकानं सुरुवात केली, बाकीच्यांनी री ओढली. शिवी कानावर पडली तर माणूस कान झाकतो. इथं ती समोर हिरवी होऊन थांबून राहायची, आणि मला ती पुसता येत नव्हती. मी पडद्यावर फडकं टाकलं. टाकलं आणि दाराकडे बघत उभी राहिले, जणू ते सगळे आता जिन्यावरून वर येणार.

तीन दिवस मी त्या खुर्चीकडे गेले नाही. चौथ्या दिवशी गेले, का ते अजून मला नीट सांगता येत नाही. घरी बोलायला कुणी नव्हतं, एवढंच असेल. पण मनात ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही.

गप्प बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. त्या आरडाओरड्यातून एक म्हातारी जाताना दिसली. पडद्यावर ओळ आली: म्हातारी मोळी घेऊन कोठीच्या मागे वळते. ती कुणाशी भांडली नाही, कुणाला मारलं नाही. मी तिच्या मागं निघाले. कोठीमागं एक लहान दिंडी-दरवाजा होता, त्यातून पायऱ्या उतरत होत्या. सतरा पायऱ्या, मी प्रत्येक पायरीला 'खाली' लिहिलं. तळाशी पाणवठा होता. तिथं चौघं बसलेली. एक वैद्य, एक आंधळा गवई, एक घोड्यांची निगा करणारा, आणि एक जण चक्क बगळा झाला होता, सबंध वेळ एका पायावर. पाचवी म्हातारी.

मला वाटलं, झालं, आता विचारणार. कोण तुम्ही, बाई का, नाव काय, कुठल्या.

म्हातारीनं मोळी खाली ठेवली आणि लिहिलं, "तुम्ही कोण होणार?"

कोण आहात असं नाही विचारलं, कोण होणार असं विचारलं. समोर प्रश्न थांबलेला होता. मला येत काय होतं? दाराशी बसता येत होतं. मी एक एक अक्षर शोधून लिहिलं, द्वारपाल. म्हातारा द्वारपाल. ते उमटायला इतका वेळ लागला की बाजारात असते तर दहा शिव्या पडल्या असत्या. इथं सगळे थांबले. मग वैद्यानं लिहिलं, "आपल्या द्वारपालाचं दार फार जड आहे. उघडायला वेळ लागतो. घाई करू नका कुणी."

तेव्हापासून मी हळू लिहायची ते माझ्या दाराचं वजन झालं. कुणी म्हणे, दाराला तेल घाला. कुणी म्हणे, पावसानं लाकूड फुगलं असेल. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण त्या दारामागं लपून गेलं.

त्यांचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, वागण्यातून कळायचे. खेळातलं खेळात ठेवायचं. कुणाला मारायचं असेल तर आधी विचारायचं. एखादा दोन दिवस आला नाही तर त्याची जागा धरून ठेवायची. एकदा गवई आठवडाभर आला नाही तर बगळ्यानं रोज लिहिलं, गवई झोपला आहे, हळू बोला. परत आल्यावर गवयानं एवढंच लिहिलं की घरात मयत झाली होती. त्या दिवशी कुणी खेळातलं राज्य वाचवायला निघालं नाही. सगळे पाणवठ्यावर बसून राहिलो.

मी रोज दुपारी अर्धा तास एक शूर म्हातारा होत असे. दोन वाजले की पुन्हा मी. जिन्यावर बूट वाजले की दचकणारी, सर गावी गेले की आज मशीन बिघडलं तर काय म्हणून देवाला हात जोडणारी. माझं काम तोंडी होतं. ना ऑर्डर ना हजेरीपुस्तकात नाव. उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं.

खोलीच्या दाराला काचेची चौकोनी खिडकी होती. एक दिवस त्यातून बाईंचा चेहरा दिसला आणि माझ्या हातून कळच सुटली. त्या दार ढकलून आत आल्या, चपला न काढता.

"काऊन हासून राह्यली वं एकटीच?"

मी चपलांकडे बघितलं. म्हणायचं धाडस होईना. त्यांनी माझी नजर बघितली, चपला काढून बाहेर फेकल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मग मी सगळं सांगितलं, गड, पाणवठा, म्हातारी, बगळा. सांगताना वाटत होतं की आता या साहेबांकडे जाणार. त्या मात्र बगळ्यावर अडकल्या. पगारी माणूस हापिसात बसून बगळा होते, आन त्याले कोनी काई म्हनत नाई? असं दोनदा विचारून पोटभर हसल्या. जाताना दारात थांबल्या.

"मले बी नेजो एखाद्या खेपेले. मी काई सेनापती गिनापती व्हनार नाई. मले नुसतं चालाचं हाय तिथं. हातात रजिस्टर नको."

नेते म्हणाले. पण दुपारच्या सुट्टीत नेमकी त्यांच्याकडे डाक यायची. आज नाही उद्या, असं करत दोन महिने गेले.

श्रावण लागला होता. चार दिवस पाऊस धरून बसला होता. वर्धा नदी चढली आहे, धाम नदीही चढली आहे, असं जो तो येऊन सांगायचा. नदीकाठच्या गावांना सूचना पोचवायच्या कामात आमच्या कचेरीचाही वाटा असे, त्यामुळं साहेब सकाळपासून टेलिफोनला चिकटून होते. पाण्याचं नाव निघालं की मी खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. खाडी इतक्या लांब टाकून आले आणि ही इथं आलीच, असं वाटायचं.

गडावरही तेच चालू होतं. आठवडाभर आम्ही यक्षाची मनधरणी करत होतो. त्यानं वरच्या तळ्याचा बांध फोडायची धमकी दिली होती. मला खरं तर ती गोष्ट नको होती, पण म्हातारा द्वारपाल भीत नसे, म्हणून मी गप्प होते. त्या दिवशी सर नागपूरला एक सुटा भाग आणायला गेले होते. मी एकटी होते. पावणेदोन झाले होते, आणि वीज गेली.

इथं माझी चूक झाली, ती नीट सांगते. मशीनला बॅटरीचा डबा होता, वीज गेली तरी ते आत चालू राहायचं. बॅटरी पुरावी म्हणून पडदा तेवढा आपण बंद करायचा, सरांनी शिकवलं होतं. मी केला. प्रिंटर डब्यावर नव्हता, तो मेलेलाच होता. अंधारात बसून राहिले. दोन वाजले. दोनला प्रिंटर चालू करायचा हा नियम अंगात इतका भिनला होता, विसरले तर काय होईल याची धास्ती इतकी, की मी अंधारातच चाचपून प्रिंटरचं बटण खाली केलं. पडदा काळा होता. त्याच्यामागं गड अजून उघडा आहे, मी अजून पाणवठ्यावर उभी आहे, हे डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात साहेबांकडे मीटिंगला माणसं आली, शिपाई रजेवर, मला चहा करायला बोलावलं.

वीज आली तेव्हा मी कप विसळत होते. प्रिंटरची कर्र कर्र ऐकू आली. मला वाटलं, बरं झालं, बटण खाली केलं होतं.

मी नव्हते म्हणून कागद दुसऱ्या टेबलावरच्या कुणीतरी फाडून बाईंकडे दिला. बाईंच्या पुढ्यात त्या दिवशी नदीच्या पाण्याचे एवढे कागद आले होते की त्या मजकूर बघत नव्हत्या. एरवीही त्या कुठं वाचायच्या? त्या म्हणायच्या, वाचनं साहेबाचं काम, मारनं माहं. ठाप. तारीख, आवक नंबर, लाल शाईत तातडीचे, आणि कागद थेट साहेबांसमोर.

मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा साहेब तो मोठ्यानं वाचत होते.

"तळ्याचा बांध फुटला. पाणी खाली येत आहे. खालच्या सात वाड्या रिकाम्या करा. दरवाजा उघडा. वेळ नाही."

म्हातारीनं लिहिलं होतं ते. मला. दरवाजा मी उघडायचा होता.

मी ट्रे टेबलावर टेकवला. साहेब एकाला म्हणाले, जीप काढा. दुसऱ्याला म्हणाले, नकाशा आणा, काठावरच्या सात वस्त्या कुठल्या ते बघा. ते घाबरलेले नव्हते, पण त्यांचा आवाज बदलला होता. कुणीतरी विचारलं, कुठलं तळं? साहेब म्हणाले, ते विचारत बसलो तर माणसं वाहून जातील, आधी हलवू, मग विचारू. आणि तेच बरोबर होतं. कागद खरा असता तर तेच बरोबर होतं.

मी बाहेर आले. बोलायचं, हे माहीत होतं. बोललं नाही तर चार दिवसांच्या पावसात लोकं पोरंबाळं, गुरं घेऊन अंधार पडायच्या आत घराबाहेर पडणार. त्यांच्यातल्या कुणाचा तरी माझ्यासारखा होडीत चढायला पाय उचलणार नाही. आणि बोललं तर मी गेले. सरही गेले, कारण बसू त्यांनी दिलं होतं. पाणवठा गेला. मी पुन्हा त्या धक्क्यावर उभी होते, तशीच, आणि पाय तसाच.

किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. बाईंनी हाक मारली, काय झालं वं, भूत पाह्यलं का? मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं. वाक्यं लागत नव्हती. म्हातारी म्हणाले, बगळा म्हणाले, तो कागद गडावरचा आहे म्हणाले. फाडून टाका म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं एका जागी थांबलं.

"शिक्का बसलेला कागद फाडता येत नाई," त्या म्हणाल्या. "फाडला तरी रजिस्टरात राह्यते."

मग मी म्हणाले, मी आत जाऊन सांगते. खरंच म्हणाले का, की तसं म्हटल्याचं मला आता वाटतं, याची खात्री नाही. एवढं आठवतं की त्यांनी माझं मनगट धरलं, घट्टा पडलेल्या हातानं.

"तू चूप राह्य. तुही नोकरी कोनाच्या तोंडावर हाय, तोंडानंच जाईन. माही कागदावर हाय. कागदावरची जाले वेळ लागते."

त्या उठल्या, आवकचं रजिस्टर काखेत घेतलं आणि आत गेल्या. दार लोटायची सवय माझी; मी ते लोटलं नाही. फटीतून सगळं ऐकलं.

साहेबांनी विचारलं, काय आहे, गडबडीत आहे मी. बाई म्हणाल्या की हा तातडीचा कागद परत पाहिजे, तो आवक व्हायलाच नको होता. यावर पाठवणाऱ्या कचेरीचं नाव नाही. जावक नंबर नाही. सरकारी कागद एका कचेरीतून जावक झाल्याशिवाय दुसऱ्या कचेरीत आवक होतच नाही, आणि हे मी न बघता शिक्का मारला. लाईन बघायला सरावाचे निरोप येतात, त्यातला हा आहे. मग रजिस्टर उघडल्याचा आवाज आला, त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं असणार.

एक शब्द खोटा नव्हता त्यात. फक्त मी त्यात नव्हते.

साहेबांनी जीप थांबवायला माणूस पिटाळला. ती फाटकाबाहेर पडली होती, वळणावरून परत आणली. मग ते बाईंना म्हणाले, आवाज न चढवता, "उद्या खरा कागद आला आणि मी तो सराव समजून बाजूला ठेवला, तर? त्याचा नंबर कोणत्या रजिस्टरात घ्याल?"

बाईंनी रजिस्टर मिटल्याचं ऐकू आलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकले. आजही पावसाळ्यात नदी चढल्याची बातमी आली की ते वाक्य मला ऐकू येतं, आणि ते बाईंना नाही, मला विचारलेलं असतं. त्या वर्षी नदी उतरली, देवाची कृपा. उतरली नसती तर मी काय म्हणून जगले असते, याचा विचार मी पुरता कधी करूच शकले नाही.

पुढचं थोडक्यात. सर दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी गडाची वाट आमच्या मशीनवरून स्वतःच बंद केली, आणि मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बाईंना मेमो मिळाला, मग आठ दिवसांत आर्वीच्या लहान कचेरीत बदली. त्यांची मुलगी वर्ध्यात दहावीला होती, म्हणून घर हलवता येईना. बाई पहाटेची एसटी धरून आर्वीला जायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. मी रडत त्यांच्यापुढं उभी राहिले तर म्हणाल्या, काऊन रडतं, मले माहेराजवळ धाडलं समज. रोहनं हाय तिथून जवळच, डबा भावजय देईन. भावजयीनं डबा कधी दिला नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या कचेरीतला त्यांचा शेवटचा दिवस. दुपारी प्रिंटर वाजला. मी धावले. आता मी प्रत्येक कागद आधी वाचत असे. वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, जावक नंबर नव्हता. गडाची वाट बंद होती, तेव्हा हा साध्या निरोपांच्या वाटेनं आला होता; गडावरून कुठली कचेरी तुटली ते मोठ्या मशीनवर कुणाला तरी दिसलं असणार. दोन ओळी होत्या: वर्ध्याचे द्वारपाल बरे आहेत का? दार आम्ही धरून ठेवले आहे, सावकाश यावे.

आधी वाटलं, चावून गिळून टाकावा. मग तो तसाच बाईंच्या टेबलावर नेला, कारण नियम तोच होता. त्यांनी या वेळी वाचला, चष्मा पुसून दोनदा. शिक्का उचलला. शाईच्या गादीवर टेकवला. आणि बाजूला ठेवला.

"यावर नाई मारत," त्या म्हणाल्या. "हा सरकारचा नाई. हा तुहा हाय."

घडी घालून माझ्या हातात दिला. मग रजिस्टर नव्या कारकुनाला दाखवायला उठल्या, आणि उठताना म्हणाल्या की मले नेलंच नाई तू गडावर. तक्रार नव्हती त्यात, नुसती आठवण.

मी त्या कचेरीत पुढं सात वर्षं होते. मधे मला कागदावर घेतलं, हजेरीपुस्तकात नाव लागलं. त्या दिवशी आर्वीला जाऊन त्यांना सांगायचं मनात होतं. बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले, कारण आता मी पक्की झाले हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार. माझ्या भित्रेपणानं माझी शाळा नेली, आणि त्या बाईंपर्यंत पोचायची वाटही तीस वर्षं अडवून धरली.

बाई आता रोहण्याला असतात. ऐकते की डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता बरं दिसतं. माझ्या नातवाच्या फोनवर असले गड शेकड्यानं आहेत, रंगीत, आवाजासकट. मी त्याला घेऊन बसते आणि शोधते. बाजार सगळीकडे तोच आहे, सेनापती आणि महाराज तेच, बाई की बुवा हेच विचारतात, आणि मी अजूनही पडद्यावर हात ठेवते. पण आता मला वाट ठाऊक आहे. तोंड मिटून उभं राहायचं आणि मोळी घेऊन कोण वळतं ते बघायचं. गेल्या महिन्यात अशी पाचसहा जणं सापडली. एका ओढ्याकाठी बसतात, नवीन येणाऱ्याला नाव विचारत नाहीत. मी पंधरा दिवस नुसती बघत बसले, कुणी कुणाला टाकून बोललं नाही. काल त्यांना सांगितलं की माझ्याबरोबर एक बाई येणार आहेत, त्यांना टाईप करायला वेळ लागेल. ते म्हणाले, येऊ द्या.

तेव्हा बाई, हे तुमच्यासाठी. दिवाळीनंतर, एसटी सुरळीत असेल तेव्हा, मी रोहण्याला येते. या वेळी बसस्टँडवरून परत फिरणार नाही. नातवाचा फोन आणते. तुम्ही काही व्हायचं नाही, सेनापती नाही की कुणी नाही, हातात रजिस्टर नाही. तुम्ही नुसतं चालायचं. दार जड आहे, पण ते उघडून धरायला मी उभी राहीन, तुमचं फिरून होईपर्यंत.